बाकावर झोपलेली कॅप्टन

राजलक्ष्मीअक्काला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती नेटचा खांब धरून जांभई देत होती. जांभई लपवायचा तिनं जराही प्रयत्न केला नाही. जयतीर्थ मास्तरांनी मला तिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "ही वसुमती. कॉलेजात शिकते. हात हलके आहेत. हिला लिफ्टिंग शिकव." अक्कानं माझे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले आणि "सरी" एवढंच म्हणाली. सरी म्हणजे ठीक आहे. कानडीतला तो एक शब्द तिच्या तोंडी दिवसभर असायचा. हो म्हणायचं असलं तरी सरी, मनातून नको असलं तरी सरीच.

ही पंचावन्न-छप्पन सालची गोष्ट. चामराजपेटेत एका शाळेच्या मागच्या मैदानावर आमचा विजया महिला संघ खेळायचा. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलचे शिक्षक. नेट त्यांनी स्वतः गाठी मारून दुरुस्त केलेलं, रेघा चुन्याच्या, आणि जमीन अशी की पडलं तर गुडघ्याला आठवडाभर खपली. लिफ्टर म्हणजे चेंडू उचलून देणारी. मागून कसाही वेडावाकडा आलेला चेंडू तिनं बोटांच्या टोकांवर घ्यायचा आणि नेटच्या वर असा सोडायचा, की उडी मारणारीला तो हवेत क्षणभर थांबल्यासारखा वाटावा. मारते दुसरीच, टाळ्याही तिलाच पडतात. लिफ्टरला मात्र प्रत्येक चेंडूमागे धावावं लागतं. आमच्या संघात लिफ्टर एकच होती, आमची कॅप्टन अक्का. मी शिकत होते, पण मला कोणी सामन्यात उतरवत नव्हतं.

अक्काचं घर मैदानापासून जवळच होतं. भावसारांचं घर. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला इकडं आले म्हणे, आणि शिवणकाम करत इथंच राहिले. वडील विठोजी पुढच्या खोलीत दोन मशिनं टाकून बसायचे. लग्नातल्या बँडवाल्यांचे झालरी लावलेले कोट ही त्यांची खासियत. आई पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेली. धाकटा भाऊ भगवंतराव बसच्या डेपोत नोकरीला. दोन बहिणींची लग्नं झालेली. अक्काचं झालं नाही. मुलगी कमावते, घरही सांभाळते म्हटल्यावर स्थळं यायची बंद झाली की घरच्यांनीच बघायची बंद केली, हे तिलाही सांगता आलं नसतं. तिला विचारायची आमची छातीही नव्हती.

तिचा दिवस अंधारात सुरू व्हायचा. सार्वजनिक नळावर रांगेत उभं राहून पाणी आणायचं, आईचं सगळं करायचं, सैपाक उरकायचा आणि मार्केटापासून कारखान्याची बस धरायची. तिचा कारखाना रेडिओचे सुटे भाग करायचा. केसासारखी बारीक तांब्याची तार रिळावर गुंडाळायचं तिचं काम. दिवसभर मान खाली. संध्याकाळी बस परत आली की थेट मैदानावर. मग घरी जाऊन पुन्हा चूल, आणि जेवणं झाली की बँडवाल्यांच्या कोटांची काजं करायला बसायचं.

एकदा मी तिला विचारलं होतं, "अक्का, एवढं सगळं करून तू खेळायला कशाला येतेस?"

ती बुटाची नाडी बांधत होती. म्हणाली, "घरी गेलं की लगेच हाका सुरू. इथं तेवढा वेळ मला कुणी हाक मारत नाही म्हणून आले होते."

"पण इथं तर आम्ही सगळ्याच ओरडत असतो. अक्का, बॉल! अक्का, बॉल!"

ती हसली. "हो गं. स्वल्प चुकलंच माझं."

तरीही ती खेळायची सुरेख. बोटं चेंडूला लागल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. गंगव्वा ही आमची उंच, धिप्पाड खेळाडू, धारवाडकडची. ती म्हणायची, "अक्का बॉल देत नाही, ताटात वाढते." आणि तो वाढलेला बॉल सगळ्यात जोरात मारणारी होती विमला. बसवनगुडीतल्या वकिलांची मुलगी, माझ्याच वर्गातली. ती उडी मारायची तेव्हा रस्त्यावरची माणसं सायकल थांबवून बघायची.

एकोणसाठच्या दसऱ्यानंतर मास्तर एक दिवस मैदानावर आले ते घाईघाईनं, धोतराचं टोक हातात धरून. जानेवारीत बंगळुरात महिला क्लबांची आंतरराष्ट्रीय व्हॉलीबॉल स्पर्धा भरणार होती. कोलंबो, सिंगापूर आणि रंगूनचे क्लब येणार, आपल्याकडचे मद्रास आणि हैदराबादचे, आणि यजमान म्हणून आम्ही. आम्ही सगळ्या नाचायलाच लागलो. अक्का म्हणाली, "सरी मास्तर. पण सराव आणखी वाढवणार का?"

सराव वाढला. पोशाखही बदलला. तोवर आम्ही सलवारी घालून खेळायचो, पण बाहेरच्या देशांच्या मुली येणार तर गुडघ्यापर्यंतची पँट हवी असं ठरलं. विठोजींनी आधी साफ नकार दिला. मास्तर तीनदा जाऊन बसले तेव्हा म्हणाले, "शिवतो. पण मी बघायला येणार नाही." मापं अक्कानं घेतली, कापड त्यांनी बेतलं. निळ्या पँटी आणि पांढरे शर्ट. सवयीनं त्यांनी खिशावर बँडवाल्यांसारखी सोनेरी किनार लावली होती. ती आम्ही बसून उसवून काढली.

विमलाचं लग्न त्याच सुमाराला ठरलं. मुलगा मद्रासचा, लग्न एप्रिलात. सासरच्यांनी सांगितलं होतं की ही स्पर्धा खेळू दे, नंतर नको. त्यामुळे विमला पेटल्यासारखी खेळायची. चेंडू थोडा जरी खाली आला तरी ओरडायची, "अक्का, वर! आणखी वर!" अक्का वर द्यायची. तिला आणखी आणखी वर देताना अक्काच्या खांद्याला काय होत असेल याचा विचार त्या वयात आमच्यापैकी कुणीच केला नाही.

स्पर्धा सुरू झाली. आमच्याच मैदानाभोवती बांबूच्या गॅलऱ्या बांधल्या होत्या, सहा रंगांचे झेंडे लावले होते, आणि कर्ण्यातून एक गृहस्थ कानडी आणि इंग्रजीत आळीपाळीनं सगळ्यांना शांत बसायला सांगत होते. कारखान्यानं अक्काला फक्त दुपारनंतरची सुटी दिली होती. सकाळभर ती तार गुंडाळायची आणि जेवायच्या सुटीत निघून बसनं मैदानावर यायची. बसमध्येच कपडे बदलता आले असते तर बरं झालं असतं, असं ती म्हणायची.

हैदराबादला आम्ही सहज हरवलं. कोलंबोच्या मुलींनी मात्र दमवलं. तेव्हा सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा, नाहीतर नुसती सर्व्हिस इकडून तिकडे जायची. त्यामुळे एकेक गुणासाठी दहा दहा चेंडू खेळावे लागायचे. त्या सामन्यात संध्याकाळ झाली, चेंडू दिसेना, आणि शेवटी आम्ही जिंकलो तेव्हा विमलाला खांद्यावर घेऊन लोक मैदानभर फिरले. अक्का कोपऱ्यात पाण्याच्या माठाजवळ उभी होती. एक पेला प्यायली, दुसरा डोक्यावर ओतला आणि घरी निघून गेली. आईला अंथरुणात कूस बदलून द्यायची वेळ झाली होती.

दुसऱ्याच दिवशी रंगूनशी उपान्त्य सामना.

त्या दिवशी सगळी चामराजपेट लोटली होती. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी विठोजींनाही ओढून आणलं. पांढरा रुमाल डोक्याला बांधून ते गॅलरीच्या खालच्या फळीवर अवघडून बसले होते आणि आमच्या पायांकडे नजर जाऊ नये म्हणून सारखे झेंड्यांकडे बघत होते.

रंगूनच्या मुली बुटक्या, चपळ आणि हसऱ्या. चेंडू त्या जमिनीला लागूच द्यायच्या नाहीत. त्यांची कॅप्टन तिन नावाची बाई होती, अक्काच्याच वयाची. सगळ्या तिला मा तिन म्हणायच्या. त्यांच्यात 'मा' म्हणजे ताई, असं आम्हाला कोणीतरी सांगितलं. ती तिकडं एका रुग्णालयात नर्स होती. पहिला सेट त्यांनी घेतला, दुसरा आम्ही. तिसरा सेट अकरा-अकरावर आला. गॅलरीतली माणसं उभी राहिली होती.

मी बाकावर बसले होते, म्हणून मला अक्काचा चेहरा समोरून दिसत होता. विमलानं मारलेला चेंडू रंगूनवाल्यांनी उचलला, परत आला, गंगव्वानं अडवला, पुन्हा आला. अक्का त्याच्यामागे धावली, बोटांवर घेतला, विमलाला दिला. पुन्हा परत आला. असं किती वेळा झालं कोण जाणे. शेवटी चेंडू नेटमध्ये गेला. अक्का कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग तिनं पंचाला हात करून वेळ मागितला आणि सावकाश चालत मास्तरांकडे आली.

"मास्तर, मला बसवा."

मास्तर घाबरले. "पाय मुरगळला का?"

"नाही."

"खांदा?"

"नाही मास्तर. काही झालं नाही."

"मग काय?"

"दमले मी."

 विमला धावत आली. "अक्का, चारच गुण राहिलेत. चारच! त्यानंतर झोप हवी तेवढी."

अक्का तिच्याकडे बघत राहिली. रागानं नाही. दूरच्या माणसाकडे बघावं तशी. म्हणाली, "विमला, ते चार गुण होईपर्यंत मी उभी राहू शकणार नाही. वसुमती आहे. तिला येतं."

"तिला येत नाही!" विमला ओरडली. ते खरंच होतं, त्यामुळे मला वाईटही वाटलं नाही. भीती मात्र खूप वाटली. अक्कानं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाकाकडे गेली.

मी जमेल तसं खेळले. दोन चेंडू चांगले दिले, एक इतका खाली दिला की विमलाचा हात नेटवर आपटला. आम्ही तेरापर्यंत गेलो, त्यांनी पंधरा केले. रंगून जिंकलं.

गॅलरीतून एक मोठा सुस्कारा निघाला आणि मग टाळ्या वाजल्या. दोन्ही संघ हात मिळवायला नेटजवळ आले. मा तिन आमच्या कॅप्टनला शोधत होती. तेव्हा कुठं आमचं बाकाकडे लक्ष गेलं.

अक्का आडवी झाली होती. बाकाच्या टोकाला डोकं, एक हात खाली लोंबलेला, बूट पायातच. तोंड किंचित उघडं.

"अय्यो!" गंगव्वा किंचाळली. आम्ही सगळ्या धावलो. गॅलरीतूनही माणसं उतरायला लागली. विठोजी कसे काय सगळ्यांच्या आधी पोचले कळलं नाही. ते नुसते "राजू, राजू" म्हणत होते, पण हात लावायचा धीर होत नव्हता.

मा तिननं सगळ्यांना बाजूला केलं, गुडघ्यावर बसली आणि लोंबलेला हात उचलून नाडी पाहिली. मग पापणी जराशी वर करून बघितली. आणि मान वर करून आमच्या मास्तरांना मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "झोपली आहे. नुसती झोपली आहे."

मास्तरांनी ते विठोजींना मराठीतून सांगितलं. ते खुळ्यासारखे बघत राहिले. "झोपली?" ते म्हणाले. "इथं? एवढ्या आवाजात?"

मा तिननं ओठांवर बोट ठेवलं. तिच्या मुली, आमच्या मुली, गॅलरीतून आलेली माणसं, सगळी जागच्या जागी गप्प झाली. कर्ण्यातले गृहस्थ पुढच्या सामन्याचं सांगत होते. ती तशीच उठली, तिकडं गेली आणि खुणेनंच त्यांना कर्णा बंद करायला लावला. परत येऊन तिनं आपलं लाल जाकीट काढलं आणि अक्काच्या अंगावर घातलं. मग आपल्या मुलींना घेऊन ती हलक्या पावलांनी निघून गेली. अंतिम फेरीत पोचल्याचा जल्लोष त्यांनी त्या मैदानावर केलाच नाही.

विमला मात्र थांबली नाही. तिचे डोळे लाल झाले होते. जाताना माझ्याजवळ म्हणाली, "माझं आता संपलं, वसू. तिला काय, झोप काढायची होती."

हळूहळू मैदान रिकामं झालं. दुसरा सामना शेजारच्या मैदानावर हलवला. विठोजी बाकाच्या टोकाशी जमिनीवर बसून राहिले, डोक्याचा रुमाल काढून लेकीच्या तोंडावरच्या माश्या वारत. मी आणि गंगव्वा थोड्या अंतरावर बसलो. बऱ्याच वेळानं ते आमच्याकडे न बघताच म्हणाले, "हिला झोपलेली मी बघितलीच नव्हती. आमच्या आधी उठते, आमच्यानंतर निजते. लहान होती तेव्हा बघितली असेल."

ऊन उतरल्यावर अक्का जागी झाली. आधी तिला जाकिटाचं नवल वाटलं. मग वडील दिसले. ती गडबडून उठायला लागली. "अप्पा, आईचं... किती वाजले?"

"बैस," विठोजी म्हणाले. "भगवंता आहे घरी. निरोप पाठवलाय."

"सामना?"

"हरलात."

"सरी," अक्का म्हणाली आणि पुन्हा बाकावर टेकली. तिनं डोळे पुसले नाहीत, कारण त्यात पाणी नव्हतं. नुसती सूज होती.

विठोजींनी जटका बोलावला. घर हाकेच्या अंतरावर होतं, तरी जटका. अक्का घोडागाडीत बसून घरी गेल्याचं पेटेतल्या लोकांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

पुढं काय झालं ते गंगव्वानं सांगितलं, कारण ती त्याच नळावर पाणी भरायची. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत विठोजी स्वतः घागर घेऊन रांगेत उभे. बायका बाजूला सरल्या, काही जणी पदर तोंडाला लावून हसल्या. थोड्या वेळानं भगवंतराव धावत आला, बापाच्या हातातली घागर हिसकावून घेतली आणि खालमानेनं पाणी भरलं. तेव्हापासून पाणी त्याच्याकडे आलं. काजंही अक्काकडून गेली. ती शेजारची यल्लव्वा करायला लागली. एवढंच. चूल आणि आई अक्काकडेच राहिली. घर काही एका सामन्यानं उलटंपालटं होत नाही.

तिसऱ्या क्रमांकासाठी मद्रासशी सामना झाला. दोन सेट अक्का खेळली, एक मी, आणि आम्ही जिंकलो. विमला खेळली पण अक्काशी एक अक्षर बोलली नाही. समितीच्या अध्यक्षांनी बक्षीस समारंभात भाषण केलं, त्यात खेळाडूंनी जिद्द सोडू नये असं दोनदा म्हणाले. सगळ्यांच्या माना अक्काकडे वळल्या. ती समोर बघत बसली होती. नंतर मी तिला विचारलं, "तुला लागलं का गं ते?"

"काय लागायचं? त्यांना सकाळी कुणी पाणी आणून देतं." मग म्हणाली, "विमलाचं लागलं. तिचं खरं होतं. पण माझंही खोटं नव्हतं, वसू. दोन्ही खरी असली की काय करायचं, मला कळत नाही."

जाकीट परत द्यायला ती रंगूनच्या मुलींच्या वसतिगृहावर गेली होती. मा तिननं ते घेतलं नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी दुपारभर दोघी व्हरांड्यात बसून होत्या म्हणे. काय बोललीस, असं विचारलं तर अक्का म्हणाली, "काही नाही. बसलो होतो."

एकसष्ट साली अक्काची आई गेली. अक्कानं खेळणं थांबवलं. तोवर मी बऱ्यापैकी लिफ्टर झाले होते. मास्तरांनी मग अक्काला संघाबरोबर जाणारी व्यवस्थापक केलं. तिकिटं, डबे, कुणाचा ताप, कुणाचं रडणं, सगळं तिच्याकडे. थोडक्यात, तिला पुन्हा हाका मारायला आम्ही मोकळ्या झालो.

बासष्टमध्ये कोलंबोच्या क्लबानं आम्हाला बोलावलं. विमलाही संघात होती. सासरची माणसं वाटली होती तेवढी कठोर निघाली नाहीत. नवऱ्यानंच तिला पुन्हा खेळायला लावलं होतं. सरावासाठी ती माहेरी येऊन राहिली होती आणि आता वर्षाचा मुलगा आईकडे ठेवून आली होती, डोळ्यांखाली काळं, आणि उडी पूर्वीच्या निम्मी. दोन वर्षांत ती अक्काशी कामापुरतंच बोलली होती.

मद्रासहून रात्रभर गाडीनं धनुष्कोडीला आलो आणि तिथून बोटीनं पलीकडे. समुद्र आम्ही कुणीच असा चारी बाजूंनी पाहिला नव्हता. मुली कठड्याशी उभ्या राहून ओरडत होत्या, दोघीतिघींना उलट्या होत होत्या. अक्का डेकवर ट्रंकेला टेकून बसली होती. हातात काही काम नव्हतं. पाण्याकडेही ती फारशी बघत नव्हती. नुसती बसली होती, पाय पसरून.

विमला खालून कॉफीचा पेला घेऊन आली. बोट हलत होती, त्यामुळे अर्धी कॉफी बशीत सांडलेली. ती अक्कासमोर उभी राहिली. मला वाटलं, ती काहीतरी मोठं बोलणार.

"घे गं, अक्का," ती म्हणाली.

अक्कानं पेला घेतला, बशीतली कॉफी परत पेल्यात ओतली आणि एक घोट घेतला.

"साखर कमी आहे," ती म्हणाली.

 विमलानं पदर खोचला, पेला तिच्या हातातून काढून घेतला आणि बडबडत पुन्हा जिना उतरून गेली.